ठिपकीच्या नावाचा जीव

माझ्या मावशीचं सगळं आयुष्य तांदळाच्या कणीएवढ्या जीवांचे पाय मोजण्यात गेलं. हे मी थट्टेनं म्हणत नाही, तिची नोकरीच ती होती. बंदराजवळच्या संग्रहालयात पुढच्या दालनांत देवमाशाचा सांगाडा, पेंढा भरलेले पक्षी वगैरे बघायला लोक यायचे. मागच्या अंगाला, जिथे कुणी फिरकत नसे, एका लांबट खोलीत छतापर्यंत बाटल्या रचलेल्या होत्या आणि खिडकीपाशी मावशीचं टेबल होतं. खेकडे आणि कोळंबी यांचे सगळ्यात धाकटे भाऊबंद त्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये बुडून पडलेले असत. कुणी समुद्रतळाच्या चिखलातून आणलेले, कुणी शेवाळाच्या मुळातून झटकून काढलेले. मावशीनं ते एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचे, सुईच्या टोकानं त्यांचे पाय, मिशा, जबडे सुटे करायचे, चित्रं काढायची आणि कोण कुणाच्या कुळातला ते ठरवायचं.

घरीही ही सवय सुटत नसे. पालेभाजी निवडताना अळी निघाली तर आपण ती फेकून देतो. मावशी आधी चष्मा शोधायची. काका म्हणायचे, "आमच्याकडे जेवायला उशीर होतो, कारण भाजीतल्या पाहुण्यांची चौकशी पूर्ण व्हायची असते."

काका छापखान्यात होते. तरुणपणी अक्षरांचे खिळे जुळवायचे, पुढे यंत्रं बदलली तेव्हा मुद्रितं तपासायला बसले. संग्रहालयाची वार्षिक पत्रिका त्यांच्याच छापखान्यात छापली जाई आणि दोघांची ओळखही तिथेच झालेली. एका लेखात मावशीनं 'पाय' लिहिलं होतं तिथं 'पाया' छापलं गेलं, आणि ती भांडायला गेली. काका सांगायचे, "भांडण मीच हरलो, म्हणून लग्न करावं लागलं."

त्यांना एकच मुलगी झाली. डोळ्याखाली तीळ होता म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणत. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळून बघत नसे. मला ती अंधुक आठवते. माझ्याहून थोडी मोठी, बोलण्यात चुरूचुरू, आणि सुट्टीत आईबरोबर संग्रहालयात जाऊन रिकाम्या बाटल्यांत पाणी भरून ठेवणारी. सातव्या वर्षी तिला मेंदूचा ताप आला. आठवडाभर दवाखान्यात होती. मग घरी आली नाही.

मावशी पुढे बरेच महिने कामावर गेली नाही. तिचे सर, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ती शिकली ते म्हातारे शास्त्रज्ञ, एक दिवस घरी आले. त्यांनी सांत्वन वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "खाडीतले नमुने येऊन पडलेत. माझे डोळे आता चालत नाहीत. तू आली नाहीस तर ते तसेच सुकतील."

ती गेली. खाडीच्या तोंडाशी पाणगवताचा एक पट्टा आहे. तिथल्या चिखलात हे जीव तोंडातल्या लाळेसारख्या धाग्यानं नळी विणून राहतात. त्यांतली एक प्रजाती सरांनी पूर्वीच शोधून तिला नाव दिलं होतं. नव्या नमुन्यांत मावशीला एक निराळाच जीव दिसला. अंग तेवढंच, पण पुढच्या नांग्या अवाढव्य, अंगापेक्षा लांब, डोळे मोठे आणि तोंडाचे अवयव जवळजवळ नाहीतच. तिनं चित्रं काढून सरांना दाखवली. सरांनी भिंग लावून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "नवी दिसते. नाव दे."

मावशीनं लेकीचं नाव दिलं. ठिपकी, आणि मागे नियमाप्रमाणे लॅटिनचं शेपूट.

त्या पत्रिकेची ती पानं काकांनी जुळवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तिरप्या टायपात ठिपकीचं नाव एकेक अक्षर उचलून त्यांनी बसवलं आणि छपाईनंतरही खिळ्यांची ती ओळ मोडली नाही, सुतळीनं बांधून आपल्या खणात ठेवली. घरात त्यांनी ठिपकीचा फोटो कधी लावला नव्हता. तो बघवत नाही म्हणायचे. पण मावशीनं काढलेल्या त्या जीवाच्या चित्राला चौकट करून त्यांनी बाहेरच्या खोलीत टांगलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, घरात कोळ्याचं चित्र काय लावायचं. काका म्हणायचे, "ती आमची मुलगी आहे."

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली होती. सर वारले होते. घर शांत होतं, वाईट म्हणावं असं काही नव्हतं. ठिपकीबद्दल मात्र ते दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत. बोलायचं झालंच तर त्या जीवाबद्दल बोलायचे. परदेशातून कुणी नमुना मागितला की काका विचारायचे, "आपल्या ठिपकीला विचारलंय का कुणी?" आणि मावशी म्हणायची, "हो, दोन पाठवल्यात."

त्या सुमारास मावशीनं हे जीव जिवंत पाळायला घेतले. तोवर तिनं बहुतेक मेलेलेच पाहिले होते. खिडकीत काचेच्या बशा मांडल्या, एकेका बशीत खाडीचं पाणी, चिमूटभर चिखल आणि एकेकटी मादी. सरांच्या प्रजातीच्या माद्या होत्या त्या. त्या वाढतात कशा, नळी विणतात कशी, एवढंच तिला बघायचं होतं.

एका सकाळी ती पाणी बदलायला गेली तर एका बशीत टाकलेली कात पडली होती. कात म्हणजे रिकामं कवच, पायांसकट, जशीच्या तशी. ते सरांच्या प्रजातीच्या मादीचं होतं. बशीत दुसरं कुणी सोडलेलं नव्हतं, आणि कातेशेजारी फिरत होता तो अवाढव्य नांग्यांचा, मोठ्या डोळ्यांचा, बिनतोंडाचा जीव. ठिपकी.

मावशीनं मला नंतर सांगितलं की तिनं आधी बशीवरची खूण तपासली, मग शेजारच्या बशा, मग खिडकीत कुणी हात घातला असेल का ते. तिला आपणच चुकलो असं व्हायला हवं होतं. पुढच्या काही आठवड्यांत आणखी माद्यांनी कात टाकली आणि आतून तसेच नर निघाले. त्या जिवांत मादी मोठी होऊन नर बनते आणि बनताना इतकी बदलते की सख्ख्यालाही ओळखू येऊ नये. सरांनी फक्त माद्या पाहिल्या होत्या, मावशीनं फक्त नर. प्रजाती एकच होती.

शास्त्राचा नियम साधा आहे. एका जीवाला दोन नावं पडली तर आधीचं राहतं. सरांचं आधीचं होतं. ठिपकीचं जाणार होतं. तेही पुसून जात नाही, थोरल्या नावाखाली बारीक अक्षरांत लटकत राहतं, आणि त्या कुळातल्या दुसऱ्या कुठल्याही जीवाला ते पुन्हा देता येत नाही.

मावशीनं संग्रहालयाच्या प्रमुखांना दाखवलं. ते भले गृहस्थ होते. त्यांना नावामागची हकिकत माहीत होती.

"मॅडम, या गटावर जगात काम करणारी माणसं किती?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासकट तीन-चार."

"मग घाई काय आहे? तुमच्यानंतर कुणी शोधलं तर शोधेल. तोवर राहू दे की."

"आणि तोवर मी बाटल्यांवर काय लिहू?"

"आत्ता आहे तेच."

मावशी म्हणाली, "ते खोटं आहे हे मला माहीत झालं ना आता. माझ्या मुलीचं नाव खोट्यावर चिकटवून मी रोज बघत बसू?"

 

तिला एक गोष्ट मात्र आतून कुरतडत होती, ती तिनं मलाच सांगितली, स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता. "सर इतके मुरलेले. नुसत्या माद्या माहीत असलेली प्रजाती आणि नुसते नर असलेली प्रजाती, एकाच चिखलात. त्यांच्या मनात आलं नसेल?"

"मग ते बोलले का नाहीत?"

"माझ्याकडे बघून बोलले नसतील." ती ताटली कितीतरी वेळ पुसत राहिली. "कामात त्यांनी कधी कुणाला दया दाखवली नाही गं. मलाच का दाखवली?"

काकांना सांगणं ती लांबवत राहिली. लेख लिहून झाला, चित्रं झाली, आता तो छापखान्यात जाणार म्हटल्यावर एका दुपारी तिनं सांगितलं. काका पेपर वाचत होते. तिनं मादी, नर, कात, सगळं नीट सांगितलं, जसं कुणालाही सांगितलं असतं. ते तिचं चुकलंच असं मला आजही वाटतं, पण दुसरं कसं सांगायचं ते तिला येत नव्हतं.

काकांनी पेपरची घडी केली. "म्हणजे ती नव्हतीच?"

"होती. पण निराळी नव्हती."

"तूच नाव दिलंस ना? मग तूच काढतेस?"

"अहो, मी नाही काढलं तर ते..."

"दुसऱ्या कुणी काढलं असतं तर मी समजलो असतो," काका म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले.

चौकट भिंतीवरच राहिली, पण काका त्या खोलीत बसेनासे झाले. जेवायला यायचे, माझ्याशी बोलायचे, हवापाणी, परीक्षा. मावशीशी कामापुरतं. "मीठ", "किल्ली", "दार लाव". भांडले असते तर बरं झालं असतं.

लेखाचं मुद्रित त्यांच्या टेबलावर आलं तेव्हा त्यांनी ते न वाचता शेजारच्या टेबलावर सरकवलं. शेजारचा तपासनीस कामाला वाईट नव्हता, पण लॅटिन नावं म्हणजे त्याला डोकेदुखी. पत्रिका छापून आली. ज्या एका ओळीत ठिपकीचं नाव थोरल्या नावाखाली जायचं होतं, तिथलं एक रोमन अक्षर गळलं आणि ठिपकीची टिपकी झाली.

मावशीनं ते पाहिलं आणि पत्रिका फडताळात ठेवून दिली. काकांना छापखान्यात कुणीतरी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयात आले. लग्नाआधीपासून ते पुढच्या दारातून पत्रिका देऊन परत जायचे. मागच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. स्पिरिटच्या वासानं त्यांना मळमळायचं. हातात शुद्धिपत्राचा कागद होता. "बरोबर आहे का बघ," ते म्हणाले. मावशीनं वाचलं. एकच ओळ होती. बरोबर होती.

"मी वाचलं असतं तर चुकलं नसतं," काका म्हणाले.

"माहीत आहे मला."

"शेवटचं छापायचं होतं आणि मी दुसऱ्याच्या हातात दिलं."

मावशीनं त्यांना खुर्ची दिली. बसल्यावर त्यांनीच विचारलं, "दाखवतेस?"

इतक्या वर्षांत त्यांनी चित्र पाहिलं होतं, जीव पाहिला नव्हता. मावशीनं एका बशीतला नर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काकांना आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग जमलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

"याला तोंड नाही म्हणालीस. मग खातो काय?"

"काही नाही. एकदा असा झाला की खात नाही. थोडे दिवस राहतो."

काका डोळा न काढता म्हणाले, "शेवटी तीही काही खात नव्हती. मी चमचा घेऊन बसायचो. ती माझ्यासाठी म्हणून तोंड उघडायची आणि गिळायची नाही."

मावशीला हे माहीत नव्हतं. त्या वेळी ती डॉक्टरांच्या मागे धावत होती, उशापाशी काका असायचे. इतकी वर्षं तो चमचा त्यांनी एकट्यानं बाळगला होता. ती त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. दुपारभर ते तिथे होते, असं पहारेकऱ्यानं मला सांगितलं. त्याला वाटलं काहीतरी मोठा शोध लागलाय.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. पण ते तिच्याबद्दल बोलायला लागले, मुलीबद्दल, तिच्या आजाराबद्दल, क्वचित तिच्या खोड्यांबद्दलही, आणि बोलताना कधी काका, कधी मावशी उठून दुसऱ्या खोलीत जायची. काकांना पुढे फार वर्षं मिळाली नाहीत. हृदय कमजोर होतं. त्यांच्या खणातलं सामान छापखान्यानं घरी पाठवलं, ते मावशीनं कपाटात ठेवलं, उघडलं नाही.

आता तिची नजर अधू झाली आहे. सुई धरता येत नाही. तरी सोमवार-गुरुवार ती संग्रहालयात जाते, बाटल्यांतलं स्पिरिट कमी झालंय का हाताला लागणाऱ्या वजनावरून बघते आणि कमी असेल त्यात भर घालते. मागे मी तिच्याबरोबर गेले होते. खाडीच्या नमुन्यांच्या कपाटापाशी तिनं एकेक बाटली उचलून खाली ठेवली. मी विचारलं, "मावशी, तू लेख लिहिला नसतास तर बरं झालं असतं असं कधी वाटतं?"

"काकांच्या रागाच्या दिवसांत रोज वाटायचं," ती म्हणाली. मग पुढची बाटली उचलली, हलवून पाहिली आणि म्हणाली, "ही अर्धी झालीय. ते नरसाळं दे बघू."