गुळाचा हात

माझे वडील, आप्पा, एका सोमवारी सकाळी गेले. त्या दिवशी गुळाच्या काहिलीत रस उकळत होता. तो शेजारच्या गुळव्यानं उतरवला.

तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येक जण चहा घेतो आणि मुंग्यांची गोष्ट काढतो. सांगता सांगता हसतो, मग माझ्याकडे बघून ओशाळतो. ओशाळायचं काही कारण नाही. त्या गोष्टीत बाकी सगळे शहाणे आहेत, मूर्ख मी एकटी आहे. तेव्हा ती मीच नीट सांगितलेली बरी.

आमचं गाव निपाणीहून चिकोडीला जाताना लागतं. घर जैन शेतकऱ्याचं, ऊस आणि स्वतःचं गुऱ्हाळ. गूळ आप्पाच करायचे. उकळत्या रसाचा थेंब पाण्यात सोडायचे, बोटांत धरून चाचपायचे आणि "झाला" म्हणायचे. तो खरोखर त्याच क्षणी झालेला असायचा. मी मात्र बेळगावला चित्रकलेच्या कॉलेजात. थोरले काका, म्हणजे अण्णा, यांना ते पसंत नव्हतं. रांगोळी घरातही शिकता येते, असं त्यांचं मत. आप्पांनी त्यावर वाद घातला नाही. प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर येऊन रांगेत उभे राहिले, एवढंच.

शेवटच्या वर्षी सरांनी काम दिलं. तीन समकालीन कलावंत निवडायचे, त्यांचा अभ्यास वहीत मांडायचा आणि त्यातून प्रेरणा घेऊन एक कलाकृती करायची. परीक्षक बाहेरचे. यात नापास तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की अण्णांचं खरं झालं. मला वर्षापेक्षा अण्णांची धास्ती जास्त होती.

मी अभ्यासाला बसले. अभ्यास मला जमतो. अभ्यासानंतर जे करायचं असतं ते जमत नाही. फोनवर शोधून शोधून चाळीस पानं भरली. एका बाईनं मिठाची होडी केली होती. एकानं गावातल्या जुन्या गोधड्या जोडून अख्ख्या पुलाला पांघरूण घातलं होतं. एक गृहस्थ बर्फाच्या पायऱ्या करायचे आणि त्या वितळेपर्यंत शेजारी बसून राहायचे. शनिवारी घरी आले की चुलवाणासमोर बसून मी हे आप्पांना दाखवायची. मला वाटलं होतं, ते हसतील. चिपाडं आत सारत त्यांनी विचारलं, "मिठाला पाणी सुटतंय की गं. मग ती बाई काय करती?"

मला माहीत नव्हतं. चाळीस पानांत ते कुठंच नव्हतं.

पुढं ते या मंडळींची सोयऱ्यांसारखी चौकशी करू लागले. मिठाच्या बाईचं कसं चाललंय? बर्फवाल्याला सर्दी होत नाही का? (सख्ख्या भावाच्या सर्दीविषयी त्यांनी कधी विचारल्याचं अण्णांना आठवत नाही.) एक दिवस म्हणाले, "तू गुळाचं का करत न्हाईस?"

मी वहीतून मान वर न करता सांगितलं की माध्यम म्हणून गूळ फार घरगुती आहे.

"आणि मीठ काय परदेशी आसतंय व्हय?"

मी वहीत याचा संदर्भ शोधू लागले.

मग हंगामाची शेवटची काहील आप्पांनी माझ्यासाठी जरा जास्त आटवली. ऊन ऊन गूळ मी फळीवर थापून रचला आणि निवल्यावर चाकूनं कोरला. विषय त्यांचाच उजवा हात, थेंब चाचपणारा, दोन फूट उंच. आप्पा दोन दिवस हात पुढं धरून बसून होते. (या दोन दिवसांत आईनं त्यांना भरवलं की नाही, यावर घरात एकमत नाही.) अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा उतरला. तसा हात मी पुन्हा कधी केला नाही.

आता एक सांगायला हवं. आमच्या घरात मुंगी मारत नाहीत. पूड नाही, खडू नाही. उलट आई रोज सकाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी पीठसाखर टाकते. अशा घराच्या सोप्यात, शनिवारी, मी दोन फूट गूळ उघड्यावर मांडला आणि प्रेरणेविषयीचा शेवटचा परिच्छेद लिहायला आत गेले.

रविवारी सकाळी हात काळा झाला होता. आणि हलत होता!

परीक्षा सोमवारी अकराला. मी वाचलं होतं की मुंगी हळद ओलांडत नाही. लगेच हाताभोवती हळदीचं जाड रिंगण घातलं आणि निश्चिंत झाले. आईनं येऊन बघितलं. "अगं, आतल्या कुठनं जातील? कोंडलीस की त्यांना."

बाहेरच्या बाहेर राहिल्या होत्या, आतल्या आत. आप्पांनी बोटानं रिंगणाला दार पाडलं आणि तिथून अंगणापर्यंत काकवीची बारीक वाट ओतली, म्हणजे त्या हुंगत हुंगत निघून जातील. पण वाट जायला असते तशी यायलाही असते. तासाभरात कडुनिंबाखालची उरलेली प्रजा त्याच वाटेनं आत आली.

अण्णा दारात उभे होते. ते म्हणाले, "उन्हात ठेवा, जातील." मी हात अंगणात नेला. मुंग्या खरंच पांगू लागल्या. गूळही पांगू लागला. करंगळी आधी वाकली. अंगठा मुळाशी हलायला लागला तेव्हा मी रडायला बसले आणि सांगून टाकलं की मी परीक्षेला जात नाही.

आप्पांनी हात सावलीत घेतला. एक मोरपीस आणि आईचा जेवणाचा डबा घेऊन समोर बसले आणि एकेक मुंगी पिसावर घेऊन डब्यात सोडू लागले. मी अधूनमधून बघून जायची. दुपार झाली, दिवस कलला, ते तसेच. कंटाळा आला का विचारलं तर म्हणाले, "बर्फवाला बसतोय की."

सोमवारी बसमध्ये हात त्यांच्या मांडीवर, कापडात गुंडाळलेला. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, काय आहे? आप्पांनी कन्नडमध्येच सांगितलं, हात. कुणाचा? माझा. त्यानं आप्पांचे दोन्ही हात बघून घेतले आणि तिकीट दिलं. पुढं एका गतिरोधकावर अंगठा निखळला. आप्पांनी तो खिशात ठेवला.

कॉलेजात मांडणी झाली तरी बोटांच्या बेचक्यांत मुंग्या होत्याच. आप्पा टेबलाशी वाकून पीस चालवत होते. परीक्षक आले. मी वही उघडून मिठाच्या होडीपासून सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला परीक्षक तिथं नव्हते. ते आप्पांशेजारी वाकले होते. मुंग्या डब्यात कशाला, असं त्यांनी विचारलं.

"घर निपाणीकडं हाय त्यांचं," आप्पा म्हणाले. "हितं कुठं सोडू?"

मग परीक्षकांनी रस कधी उतरवायचा ते विचारलं आणि आप्पांनी सांगितलं, बोटांनी दाखवून. मिठाला पाणी सुटल्यावर ती बाई काय करत असेल, यावरही दोघं बोलले. मी चाळीस पानं धरून उभी. शेवटी परीक्षक वही चाळत म्हणाले, "यात हे गृहस्थ कुठं दिसत नाहीत?"

तीन वर्षं शिकलेली मी, अतिशय गंभीरपणे म्हणाले, "सर, ते समकालीन कलावंत नाहीत. वडील आहेत."

मी पास झाले. हाताला चांगले गुण होते, वहीला जेमतेम. परतीच्या बसमध्ये आप्पांनी डब्याचं झाकण जरा किलकिलं धरलं होतं, हवेसाठी. घरी येऊन मुंग्या कडुनिंबाखाली सोडल्या आणि हातही तिथंच ठेवला. तो मुंग्यांनी श्रावणापर्यंत संपवला. अण्णा येता-जाता किती उरला ते बघायचे आणि कुणी विचारलं तर "आमच्या पोरीनं केलाय" म्हणायचे.

वहीत मागं काही पानं कोरी राहिली होती. त्यांवर हे लिहिलं. चाळीस पानं त्या कलावंतांची, चार पानं आप्पांची.

पीठसाखर आता मी टाकते. आप्पांच्या खिशातला अंगठा आईच्या बरणीत आहे. झाकण घट्ट आहे.