तिथं आपलं कोण हाय?

माझ्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सातारला असताना काढला होता. लग्न होऊन विट्याजवळच्या या गावात आले, तेव्हा सर्टिफिकेटांच्या फायलीत तो घालून आणला. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला परदेशात जायचं, हे मी नवऱ्याला लग्न ठरल्यावरच सांगितलं होतं. मी फारसं काही मागत नाही म्हणून असेल, तो लगेच हो म्हणाला.

तेव्हा ती नुसती हौस होती. वर्ष सरत आलं तसं कारण बदललं. वर्षभरात आम्ही दोघंच असे कुठे नव्हतोच. घर स्लॅबचं आणि ऐसपैस आहे, पण घरातलं मोठं कपाट आमच्या खोलीत आहे, त्यामुळे दार लोटलेलं असलं तरी कुणीही खाकरून आत येतं. लग्नानंतर देवदर्शनाला गेलो ते एका गाडीत नऊ जण. महाबळेश्वरला गेलो ते त्याच्या दोन मित्रांबरोबर, त्यांच्या बायकापोरांसकट. मी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत शिकवते. रोज सकाळी तो मला मोटरसायकलवरून सोडायला येतो, ती अकरा मिनिटं काय ती आमची. पण तो पुढे, मी मागे, आणि मध्ये हेल्मेट.

तो अबोल नाही. त्याचं खतांचं दुकान आहे, तिथे गिऱ्हाइकांशी तासभर गप्पा मारतो, नकला करतो, लोक हसून हसून बेजार होतात. माझ्याशी मात्र ‘निघू का’ आणि ‘चार्जर कुठाय’. मला एवढंच बघायचं होतं, की आजूबाजूला कोणीच नसलं की हा माणूस माझ्याशी काय बोलतो. त्यासाठी मला परदेश हवा होता. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मी सगळा बेत लॅपटॉपवर तक्त्यात मांडला. सिंगापूरपर्यंत विमान, मग क्वालालंपूर, पेनांग, बँकॉक, सगळं रेल्वेने. तारीख, गाडी, उतरायची जागा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुपारचे रकाने मी मुद्दाम रिकामे ठेवले होते.

एका संध्याकाळी जेवताना नवऱ्याने हे घरात काढलं. सासरे भाकरी मोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “तिथं आपलं कोण हाय?”

“कोणीच नाही,” मी म्हणाले. आणि मी हे आनंदाने म्हणाले. ती माझी चूक झाली.

आमच्या भागातल्या घराघरातली माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणं म्हणजे गलाई. सासऱ्यांचंही उभं आयुष्य त्यात गेलं, दक्षिणेत. सराफ बाजार असेल त्या शहरात आपला माणूस, आणि आपला माणूस असेल त्या शहरात दुसरीकडे उतरणं म्हणजे त्याचा अपमान, हा इथला रिवाज. ज्या गावात आपलं कोणी नाही, ते गाव त्यांच्या लेखी गावच नव्हे. मला तेच तर हवं होतं.

“अडीनडीला कुणाच्या दारात जाशिला?” सासरे म्हणाले. “नेपाळला जावा की. काठमांडूत आपली भावकी हाय. पोखऱ्यात हाय. परदेशच की त्यो बी.”

“पशुपतिनाथ बी हुईल,” सासूबाई म्हणाल्या.

“आन् पासपोर्ट बी लागत न्हाई,” नवरा म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला, जणू माझं मोठं ओझं उतरवलं.

मी शिकले त्या शाळेत मराठी बोललं की दंड बसायचा, त्यामुळे मला दोन्ही भाषांमध्ये गप्प बसायची सवय लागली. इथे त्याला शिष्टपणा म्हणतात. त्या दिवशी मी गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी नवा तक्ता केला. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून भाड्याची गाडी करून सोनौलीला नेपाळची हद्द ओलांडायची, लुंबिनी, पोखरा, काठमांडू. या तिन्हींच्या मध्ये मी हळूच दोन गावं घुसवली, तानसेन आणि बंदीपूर. डोंगरातली लहान गावं. तिथे आपल्यातलं कोणी नाही, हे मी सासऱ्यांनाच विचारून घेतलं होतं, भलत्याच निमित्ताने. चार रात्री तेवढ्या. मला चार पुरल्या असत्या.

सासऱ्यांना कागदावर बघायचं होतं म्हणून मी तो छापून आणला. त्यांनी दुपारच्या रकान्यावर बोट ठेवलं. “हे मोकळं का सोडलंया?”

“आराम,” मी म्हणाले.

“आराम कराया नेपाळला?” ते मनापासून हसले. नवराही हसला.

पंधरा दिवसांनी मला काठमांडूहून फोन आला. भावकीतली मोठी जाऊ, मी तिला लग्नात एकदाच पाहिलं होतं. म्हणाली, “आगं, तुमी येताय म्हणून लय बरं वाटलं. आमी बी सगळी संगंच निघतो. बंदीपुरात मोठ्ठा बंगला सांगितलाय, सा खोल्यांचा. पोखऱ्याचं पाव्हणं बी येत्यात तिथं.”

“ताई, एवढा त्रास कशाला,” मी म्हणाले. “मामंजींनी सांगितलं का?”

“मामंजींनी कुठलं? भावजींनीच फोन केलता. म्हणालं, मदल्या गावांत बी कुणीतरी पायजे, न्हाईतर करमायचं न्हाई.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तुला गर्दी आवडत न्हाई म्हणत्यात. आमी काय खातो का तुला?”

मी हसले. फोनवर हसायला मला जमतं.

इतके दिवस मी सासऱ्यांवर राग धरून होते. त्यांच्या चुका मोजत होते, मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उतरले आणि तिथेच नवऱ्याला विचारलं. मुलं आत जात होती. “तानसेन आणि बंदीपूरला लोक तू बोलावलेस?”

त्याने हेल्मेटची काच वर केली. “व्हय. का गं?”

“तिथे आपण दोघंच असणार होतो.”

“म्हणूनच की. दोघंच काय करणार चार दिवस?” तो अगदी सरळपणे म्हणाला. वाईट हेतू असता तर मला सोपं गेलं असतं. “बोलून बोलून किती बोलणार? तू तर बोलतच न्हाईस. कंटाळशील उगं.”

घंटा झाली. त्याने काच खाली ओढली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आईला सातारला फोन केला. वडील फौजेत होते, वर्षातून दोन महिने घरी. आईने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तुझ्या वडलांची मी दहा-दहा महिने वाट बघितली. तुझा तर रोज डोळ्यांसमोर आहे. माणूस वाईट आहे का? मारतो का? मग?”

मग काहीच नाही. हे ‘मग’ माझ्या माहेरी आणि सासरी सारखंच आहे.

आठवडाभराने जेवताना मी सांगितलं की शाळेतून रजा मिळत नाही, परीक्षा आहेत. खोटं होतं. परीक्षा कधीच संपल्या होत्या, आणि ते घरात सगळ्यांना ठाऊक असायला हवं होतं, कारण महिनाभर मी जेवणाच्या ताटाशेजारीच पेपर तपासले होते. मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्याने म्हणावं, आपण पुढे ढकलू. किंवा नुसतं म्हणावं, खोटं बोलू नकोस.

“अरारा,” तो म्हणाला. मग थोडा विचार करून, “मग तुझ्या जागी आईला न्यायचं का? गाडी तर सांगितलीया.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. क्षणभर त्या काही बोलणार असं वाटलं. पण त्यांनीही आयुष्यात घाट चढून कुठे पाहिलं होतं? “नोकरी ती नोकरी,” त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आमटी वाढली. त्यांचं रेल्वेचं तिकीट मीच काढलं. खालचा बर्थ मिळवून दिला. ओळखपत्राच्या झेरॉक्स काढल्या, थंडीसाठी पायमोजे आणले. तक्त्यातले दुपारचे रकाने आता भरले होते, नवऱ्याने स्वतः बसून भरले होते.

मायलेक गेले. घरात सासरे आणि मी. ते वेळेवर जेवायचे आणि देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे. मी दोघांच्या भाकरी करायची, शाळेला बसने जायची.

लग्नाच्या वाढदिवसाला संध्याकाळी बंदीपूरहून व्हिडिओ कॉल आला. टेबलावर केक होता. सासूबाई कानटोपी घालून मध्ये बसल्या होत्या. पोखऱ्याच्या पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. जाऊ ओरडली, “आगं, भावजी एकटंच कापत्यात बघ!” आणि सगळे हसले, मीही हसले. मग कुणीतरी म्हणालं, “आवं, जरा तिच्यासंगं एकटं बोला की,” आणि त्याला फोनसकट बाहेर गच्चीत ढकललं. मागे दार लागलं.

त्याच्या पाठीमागे डोंगर अंधारत होते. तो दमलेला आणि खूश दिसत होता.

“जेवलीस?” त्याने विचारलं.

“हो.”

“काय केलं होतंस?”

“पिठलं.”

तो थांबला. मीही थांबले. मला काही बोलता आलं असतं, वर्षभराचं साठलेलं होतं, आणि आजूबाजूला खरोखरच कोणी नव्हतं. त्याने कपाळ खाजवलं. स्क्रीनवर स्वतःकडे बघून केस सारखे केले. मग तो डावीकडे बघायला लागला, उजवीकडे बघायला लागला. फोन द्यायला कुणी सापडतंय का, ते तो शोधत होता.

“आई,” त्याने दाराकडे तोंड करून हाक मारली, “ये की हिकडं. ही बोलतीया.”