नाव माझं, नंबर बाळ्याचा

"तुमच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडलाय," रक्तपेढीतल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षीही सापडला होता. आम्ही फोन केला होता तुम्हाला."

मला फोन आलाच नव्हता. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. नाव माझं, नंबर बाळ्याचा.

बाळ्या माझा चुलतभाऊ, कडावच्या आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. रक्तदान शिबिरात गर्दी नको म्हणून तो आदल्या दिवशीच सगळ्यांचे फॉर्म भरून ठेवतो. प्रश्नांपुढे सरसकट 'नाही' आणि प्रत्येकावर स्वतःचा नंबर. आम्ही सही करून आडवे होतो. त्याला मात्र धावपळीत स्वतः रक्त द्यायला कधी जमलं नाही.

रिपोर्टवर 'एचबीएसएजी रिअॅक्टिव्ह' असं होतं. म्हणजे लिव्हर बिघडवणारा विषाणू अंगात आहे. दिलेल्या प्रत्येक पिशवीची तपासणी होते, त्यामुळे माझ्या दोन्ही पिशव्या कुणाला न देता नष्ट केल्या होत्या. ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला काहीच वाटलं नाही.

पूर्वी कावीळ झाली होती का, असं त्यांनी विचारलं. झाली होती, चौथीत असताना. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन उतरवली होती. पाणी पिवळं झालं आणि आम्ही बरे झालो असं ठरलं. फॉर्मवर तो प्रश्न होता. उत्तर बाळ्याचं होतं.

मग त्यांनी घरी कोण आहे ते विचारलं. बायको, म्हटलं, सातवा महिना आहे. बाईंनी पेन खाली ठेवलं. एका ताटात जेवून हा पसरत नाही, पण नवऱ्याकडून बायकोला होतो आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. सुप्रियाची तिसऱ्या महिन्यातली तपासणी चांगली होती, तरी पुन्हा करायला सांगितली.

परतताना बाळ्याला गाठलं. त्याचा चेहरा उतरला.

"गेल्या वर्षी ते म्हनाले, डोनरला पाठवून द्या. मला वाटलं सर्टिफिकेट ऱ्हायलं आसंल, म्हून सांगितलंच न्हाई. आता परत फोन आला तवा तुला धाडलं."

भांडायचं होतं. पण भांडायलाही अंगात जीव लागतो.

सुप्रियाला सगळं सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने शेवटची काडी निवडली. मग म्हणाली, "उद्या जाऊ. तुमी सकाळपासून काय खाल्लंय का?"

रिपोर्टला दोन दिवस लागले. त्या दिवसांत मी चौक गावातल्या गॅरेजवर कामाला गेलो, नटबोल्ट आवळले, घरी आलो. बाळाचं नाव काय ठेवायचं हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

तिचा रिपोर्ट 'नॉन-रिअॅक्टिव्ह' आला, म्हणजे विषाणू नाही. ती तिथल्या बाकावर बसून रडली. मी कागदावरचं नाव आणि नंबर तीनदा वाचला. दोन्ही तिचेच होते. तिला लशीचे तीन डोस सुरू झाले. मला सध्या गोळ्या नाहीत, दर सहा महिन्यांनी तपासणी आणि दारू बंद. मुलगी झाली, तिला जन्मल्याबरोबर लस दिली. त्या डॉक्टरबाईंनी दुसऱ्यांदा फोन केला नसता तर काय, हा विचार मी अजून पुरता करत नाही.

मला आता कधीच रक्त देता येणार नाही. यंदा शिबिरात फॉर्मच्या टेबलावर मी बसलो. ज्याचा त्याने भरायचा, नंबर स्वतःचा. तुम्हीही कुठे रक्त द्याल तर एवढं करा.

शेवटी बाळ्या आला. पहिल्यांदाच देणार होता. खुर्चीत बसून सवयीने 'नाही', 'नाही' करत सुटला आणि काविळीच्या प्रश्नाशी थांबला.

"आपन दोगं संगतीच गेलेलो ना रं," तो म्हणाला, "हात धुवायला?"