कोरड्या पाइपातलं पाणी

आमच्या कार्यालयात त्यांना सगळे टेपवाले म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि हजेरीपट माझ्याकडे असल्यामुळे ते मला ठाऊक होतं, पण मीही टेपवालेच म्हणायची. सव्वीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. एवढ्या काळात ते पाण्याखेरीज कशाविषयी बोलले असतील, तर पंख्याविषयी, आणि तेही तो बंद पडला म्हणून. मला बडबडीची सवय, त्यामुळे सुरुवातीला मी हे मनाला लावून घेई. पुढे कळलं की आकस वगैरे काही नाही, माणूसच असा आहे.

काम मात्र चोख. समुद्राला मिळण्याआधी आमच्या नदीला सात फाटे फुटतात. मधल्या गाळाच्या जमिनीत एकेचाळीस निरीक्षण विहिरी होत्या. विहीर म्हटल्यावर कठडा आणि रहाट डोळ्यांसमोर आणू नका. मनगटाएवढा लोखंडी पाइप, कुणाच्या अंगणात, कुठे शाळेमागे, वर कुलूपवालं झाकण. पोलादी टेपेला खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजलाय ते बघायचं आणि वजाबाकी करून वहीत आकडा लिहायचा. महिन्यातून एकदा, प्रत्येक विहिरीला. त्यांनी लग्न केलं नाही आणि आजारपण सोडलं तर रजाही घेतली नाही.

एकदा मी चुकून विचारलं, हे पाणी वरखाली का होतं हो? त्या दिवशी ते चक्क पाऊण तास बोलले. माझा चहा गार झाला. जमिनीखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर असतात. वरच्या वाळूत पाऊस मुरतो, नदी फुगली की तीही आतून पाणी लोटते, म्हणून पावसाळ्याअखेर पाणी वर येतं. कोरड्या महिन्यांत सगळे पंप एकदम सुरू होतात, मग ते खाली जातं. भरती आली की समुद्राचा भार दूरवर जाणवतो आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत पाणी दिवसातून दोनदा बोटभर चढतं, उतरतं. पण चिकणमातीच्या खालच्या थराला इथल्या पावसाचा उपयोग नाही. त्याचं पाणी वरच्या मुलखातून, वर्षानुवर्षं झिरपत येतं. ते उपसलं की लवकर भरत नाही, आणि रिकाम्या जागेत समुद्राचं खारं पाणी सरकतं. 'थांबत नाही ताई ते, कधीच एका जागी थांबत नाही,' असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, या माणसाला घरी हे ऐकायला कुणीच नाही.

एकोणीस नंबरची विहीर या खालच्या थरात उतरलेली होती. ती एका शिवणवाल्या बाईंच्या अंगणात होती. बाई एकट्या. नवरा गेलेला, लेक लग्न होऊन दूर. ओट्यावर शिलाई मशीन, गळ्यात कापडी टेप. दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी टेपवाले तिथे जात. बाकीच्या ठिकाणी त्यांना 'झालं का?' एवढंच विचारत. या घरी खुर्ची मिळायची. बाई म्हणायच्या, तुमची टेप पन्नास मीटरची आणि माझी दीड, मग मोठा कारागीर कोण? यावर टेपवाले हसत, म्हणे. मी त्यांना हसताना पाहिलेलं नाही, त्यामुळे ऐकीव गोष्ट म्हणूनच सांगते.

आसपास पंप वाढले तसं एकोणीस नंबरचं पाणी दर वर्षी खाली गेलं. शेवटी पाइपाच्या तळाशी ओंजळभर उरलं. आमचा नियम असा की लागोपाठ दोन महिने विहीर कोरडी निघाली की ती यादीतून वगळायची. एक महिना कोरडी निघाली. टेपवाल्यांनी बाईंना नियम समजावून सांगितला, कारण नियम सांगणं त्यांना फार आवडे. पुढच्या महिन्यात पाइपात दोन हात पाणी होतं.

आकडा पाहून मी अभिनंदन केलं. त्यांनी वही मिटली. पुढच्या महिन्यातही पाणी होतं, आणि त्याच्या पुढच्याही. असे अकरा महिने गेले.

मग वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. एकोणीस नंबरभोवती पाणी टिकून आहे असं नोंदींवरून दिसतं, तरी त्या वस्तीत चाळीस घरांना नवीन बोअर मंजूर करावेत. मी पत्र टेपवाल्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं, लाल पेन काढलं आणि वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसले.

"हे अकरा आकडे खोटे आहेत, ताई," ते म्हणाले.

मला आधी समजलंच नाही. सव्वीस वर्षांत या माणसानं चहाचा कपसुद्धा दुसऱ्याचा उचलला नव्हता. मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्याच महिन्यात टेप वर ओढली तेव्हा खडू पार वरपासून ओघळलेला होता. म्हणजे पाइप आतून ओला. पाणी खालून आलं असतं तर वरची बाजू कोरडी राहिली असती. टेपेला नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास येत होता. बाई सकाळी दोन मग पाणी ओतत. झाकणाच्या फटीतून ते सहज आत जाई. पाइपाचा तळ गाळानं बुजलेला, त्यामुळे दुपारपर्यंत टिके. आणि बाई दर वेळी अगदी मोजून दोनच मग ओतत, त्यामुळे पाणी दर महिन्याला त्याच खुणेवर. एका जागी थांबलेलं पाणी कुणाच्याही डोळ्यांत खुपलं असतं. म्हणून टेपवाले वहीत आकडा थोडा हलवत. कोरड्या महिन्यात चार बोटं खाली, पावसाळ्यात पंप थांबल्यावर किंचित वर. इतकं बेमालूम की मला वर्षभर पत्ता लागला नाही.

मला राग आला. एवढा शहाणा माणूस, आणि दोन मग पाण्यासाठी नोकरी पणाला लावली. मी विचारलं, बाईंना कधी बोलला नाहीत? ते म्हणाले, नाही. त्या ओतत होत्या, मी लिहीत होतो. बोललो असतो तर संपलंच असतं.

"मग आता का सांगता?"

"चाळीस घरं आहेत. चार महिने गोडं पाणी मिळेल त्यांना, मग खारं. त्यांच्या पोराबाळांना तेच प्यावं लागेल."

त्यांनी अकरा आकड्यांवर लाल रेघ मारली आणि प्रत्येकापुढे स्वतःच्या अक्षरात 'कोरडी' लिहिलं. साहेबांनी लेखी ताकीद दिली. बोअर रद्द झाले. एकोणीस नंबर यादीतून गेली. पाइपाचं तोंड बुजवायला तेच गेले. बाईंनी तेव्हाही खुर्ची दिली. त्या एवढंच म्हणाल्या की आता बिनकामाचे या कधी. टेपवाले म्हणाले, बघतो. आपल्याकडे बघतो म्हणणारा माणूस येत नाही, हे बाईंना कळलं असणारच.

आणि ते गेलेही नाहीत. चार वेळा पाच तारीख आली आणि गेली. त्या दिवशी ते टेबलाशी टेप पुसत बसायचे, पुसलेलीच पुन्हा पुसायचे. मला ते बघवेना. चौथ्या वेळी मी बोललेच, की अहो, जाऊन या ना. ते म्हणाले, "काय म्हणून जाऊ?" त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

मी रजेचा छापील अर्ज काढला, पुढच्या महिन्याची पाच तारीख घातली आणि त्यांच्यापुढे सरकवला. त्यात कारणाचा रकाना असतो. सगळे तिथे 'घरगुती काम' लिहितात, मीसुद्धा तेच लिहिते. ते अर्ध्या तासाहून अधिक पेन धरून बसले. जेवणाची सुट्टी झाली तरी उठले नाहीत. मग अर्ज माझ्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेले.

कारणाच्या रकान्यात, ज्या अक्षरात ते आकडे लिहीत त्याच अक्षरात, लिहिलं होतं: 'एकटं वाटतं.'

मी तो अर्ज दोनदा वाचला. मग डोळे पुसून इतर कागदांबरोबर साहेबांपुढे ठेवला, आणि साहेबांनी न वाचता सही केली.