जिवंत दगडाला दाखवलेलं ऊन

"तुझे मासे उलटे पडलेत," धुळ्याहून नानांचा फोन आला. आता 'तुझे' म्हणाले. टँक लागल्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'माझे मासे' म्हणून दाखवत होते.

माझं जळगावात ॲक्वेरियमचं दुकान. सुरुवात केली ती फुटपाथवर पिशवीतले गप्पी विकण्यापासून. नाना धुळ्याचे मोठे जिनिंगवाले. कापसातून सरकी वेगळी करायचा त्यांचा कारखाना. त्यांच्या एसी हॉलमध्ये मी समुद्राच्या पाण्याचा टँक लावला होता. नव्वदीच्या सुरुवातीला खानदेशात असा दुसरा मला तरी माहीत नव्हता. जळगावचा एक हॉटेलवाला त्या रविवारी तो बघायला येणार होता. पसंत पडला, तर त्याच्या नव्या हॉटेलातल्या मोठ्या टँकचं काम माझं.

मी टेस्ट किट घेऊन एसटी पकडली.

अशा टँकमध्ये मुख्य माल मासे नसतात, लाइव्ह रॉक असतो. म्हणजे मेलेल्या प्रवाळाचा सच्छिद्र दगड. समुद्रात पडून पडून त्याच्या भोकाभोकांत जिवाणू वस्ती करतात. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशांना विष. हे जिवाणू ते विष मोडून काढतात. थोडक्यात, दगड हाच फिल्टर. मुंबईहून ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून, वाटभर पाणी शिंपडत मी तो आणला होता.

भाव ठरवताना नाना म्हणाले होते, "दगडाचे पैसे? पांझरा नदीत फुकट पडलेत."

"ते मेलेले आहेत नाना. हा जिवंत आहे. वाळला की मेला."

"मग याला दाणे किती लागतात?"

हॉलमधले सगळे हसले होते. मी भाव सोडला नव्हता.

पोचलो तर पाण्याला वास. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, रंग गडद हिरवा झाला. अमोनिया. केशरी क्लाऊनफिश तळाशी आडवे. आणि ज्या दगडांवर जांभळा-गुलाबी थर होता, ते हाडासारखे पांढरे.

"दगड कोणी बाहेर काढले?"

नानांच्या थोरल्या बहीण अक्का कोपऱ्यात सुपारी कातरत बसल्या होत्या. "मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "दगडमा किडा व्हतात भाऊ. बठ्ठा धाबावर टाक्यात. दोन दिन ऊन दखाडं."

सगळे दगड गच्चीवर उन्हात, तूरडाळीला दाखवतात तसं. मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन. मग पुसून, होते तसे रचूनही ठेवले होते.

ते किडे दगडातलेच. उरलंसुरलं खाऊन टँक साफ ठेवणारे. आता किडे, जिवाणू सगळं मेलं होतं आणि दगडाच्या पोटात सडत होतं.

माझा आवाज चढला. "अक्का, घरातलं माणूस आजारी पडलं तर त्यालाही धाब्यावर वाळत घालता का?"

नाना उठले. "बहिणीशी नीट बोल. जिवंत होता तर सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही दाणे विचारलेत."

"ती गंमत होती. मला वाटलं, भाव वाढवायला तूही गंमतच करतोयस."

टेस्ट किट आवरायला घेतलं. मी एवढंच म्हणालो, "हॉटेलवाल्याला निदान खरं सांगा. दगड वाळवले म्हणून मासे गेले."

"बघू."

रविवारी नानांनी त्याला सांगितलं, याचे दगड किडके निघाले. बहिणीचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं. माझं घेतलं. हॉटेलवाल्याने टँकच्या जागी कारंजं बसवलं. त्या रस्त्याने जाताना मी अजून तिकडे बघत नाही.

नानांच्या अंगणात ते दगड आता तुळशीभोवती लावलेत. छान पांढरे दिसतात म्हणे.

खाऱ्या पाण्याचं काम मी सोडलं नाही. मात्र आता भावाची बोलणी सुरू करण्याआधी मालकाला विचारतो, तुमच्या घरात डाळींना ऊन कोण दाखवतं? आधी त्यांना बोलवा.