मॅडमना ऑर्डर कोण देणार?

“काका, हातात पाच बदाम असताना पास?”

म्हात्रे काकांनी पत्ते पालथे ठेवले. “म्याडम नोट्रम्प बोलल्यावर मी कशाला मधी तोंड घालू?”

नेरूळच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी ब्रिज शिकवते. म्हात्रे काका सारसोळ्याचे. पावणे एमआयडीसीतल्या एका पॅकेजिंग कारखान्यात फोरमन होते. मोहिते मॅडम तिथल्याच प्रॉडक्शन मॅनेजर. लंच टाइममध्ये चौथा भिडू कमी पडायचा म्हणून मॅडमनी काकांना ब्रिज शिकवलं. दोघं रिटायर झाले, जोडी टिकली. आता मॅडम मुलाकडे नागपूरला कायमच्या चालल्या होत्या. त्याआधी वाशीला एक टूर्नामेंट होती. समोरासमोर बसून खेळायची ती शेवटचीच.

ब्रिजमध्ये समोरासमोरचे दोघं पार्टनर. खेळाआधी बोली लागते: किती हात करणार आणि हुकूम कोणता. तोंडाने बोलायचं नाही, बोलीची कार्डं टेबलावर ठेवायची. ‘एक नोट्रम्प’ म्हणजे माझे पत्ते तगडे आहेत, चारही रंग साधारण सारखे आहेत, हुकूम नसला तरी चालेल. एवढं सांगितलं की त्याचं काम संपलं. पुढे कुठे थांबायचं ते पार्टनर ठरवतो, मग त्याचे पत्ते कितीही फाटके असोत.

त्याने ते कळवायचं कसं, याच्या दोन पद्धती. साधी म्हणजे, बदाम जास्त असतील तर सरळ ‘दोन बदाम’. दुसरी ट्रान्सफर. बदाम असतील तर मुद्दाम त्याच्या खालचा रंग, ‘दोन चौकट’ बोलायचं. मग नोट्रम्पवाल्याने ‘दोन बदाम’ बोललंच पाहिजे. फायदा असा की बदाम आधी नोट्रम्पवाल्याने बोलल्यामुळे डाव तोच खेळतो, म्हणून तगडे पत्ते झाकलेले राहतात आणि फाटके टेबलावर उघडे पडतात.

मी ट्रान्सफरची कट्टर. युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. दुबळ्याने ऑर्डर द्यायची आणि बलवानाने ती निमूट पाळायची, असा नियम मला दुसरीकडे कुठे सापडलेला नाही. हे सगळं मी काकांना आवेशाने ऐकवलं.

“भाषन चांगला झाला, टीचर,” काका म्हणाले. “पन म्याडमना आर्डर मी देनार नाय. तेंना दुसरा पार्टनर बघा. शेवटची टूर्नामेंट हाय, माझ्यामुळं वाया नको जायला.”

 साधी पद्धतच घ्यावी का, असं मनात आलं. तेवढ्यात समोर बसलेल्या मॅडम बोलल्या.

“म्हात्रे, माझी ओढणी रोलरमध्ये गेली होती, आठवतं? खेचलंत मला बाहेर. आधी परमिशन मागितली होती का?”

“तवा टाइम कुठं व्हता?”

“ओरडलात पण. सगळ्या फ्लोअरसमोर. मागं व्हा, म्हणून.”

“मंग काय करनार? तुमी ऐकत नव्हत्या.”

“तेच तर. समजा, तुमच्याकडे नुसते बदाम आहेत, मोठं पान एकही नाही. मी नोट्रम्पमध्ये अडकलेय. खेचा की मला बाहेर.”

काकांनी पत्ते पुन्हा उचलले. मग हळूच ‘दोन चौकट’चं कार्ड काढून ठेवलं. “असा सांगायचा ना, टीचर,” ते मला म्हणाले. “तुमी दुबळा-बलवान करत बसलाव.”

ट्रान्सफर ठरली.

टूर्नामेंटला मी काकांच्या मागे बसले. बघणाऱ्याने भुवईसुद्धा हलवायची नाही, असा नियम आहे. मॅडमनी ‘एक नोट्रम्प’ने बोली उघडली. काकांकडे सहा बदाम, बाकी सगळा कचरा. त्यांनी न डगमगता ‘दोन चौकट’ ठेवलं. मला टाळी वाजवावीशी वाटली.

मॅडमनी ठेवलं ‘तीन नोट्रम्प’.

काकांची मान लाल झाली. त्यांनी बोलीची पेटी खसकन जवळ ओढली आणि ‘चार बदाम’ ठेवलं; बोली नेहमी वरच चढवावी लागते, खाली येता येत नाही. सगळे पास.

आता बदाम पहिल्यांदा काकांनी बोललेले, म्हणून खेळणार काका. मॅडमचे पत्ते टेबलावर उघडे. याला डमी म्हणतात. डमीने डोकं चालवायचं नाही, पार्टनर सांगेल ते पान खेळायचं.

“म्याडम, चौकटचा राजा.”

मॅडमनी राजा टाकला.

“किलवर, छोटा.”

छोटं किलवर टाकलं. शेवटच्या पानापर्यंत काका सांगत गेले आणि मॅडम टाकत गेल्या. आठ हात झाले; बोलीच्या आकड्यात सहा मिळवायचे असतात, म्हणजे हवे होते दहा. मॅडम मुकाट ‘दोन बदाम’ बोलल्या असत्या, तर तेच आठ पुरले असते.

“ओरडा, म्हात्रे,” बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या. “सतरा पॉइंट होते हो हातात. राहवलं नाही.”

“मागं व्हा बोललो ना मी? मंग पुढं कशाला गेल्या?”

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

नंबर मधला कुठलातरी आला. मॅडम नागपूरला गेल्या. आता दोघं रविवारी ऑनलाइन खेळतात, मी कधीकधी बघते. नव्या जोड्यांना हल्ली मी ट्रान्सफर शिकवते तेव्हा सुरुवात नोट्रम्पवाल्यापासून करते. ऑर्डर द्यायला माणूस लवकर शिकतो. मॅनेजर राहिलेल्या माणसाला ती पाळायला शिकवणं, हे खरं कोचिंग.

मॅडम आता ‘दोन चौकट’वर ‘दोन बदाम’ बोलतात. बहुतेक वेळा.