वाढव म्हणजे बंद कर

मी डूख धरणारी बाई आहे. नवरा म्हणतो, हिच्या पायावर चुकून पाय पडलाच तर माफी मागत बसू नका, सरळ बोरीवली सोडा. थट्टा असली तरी खोटं नाही. त्यामुळे आमच्या पवईच्या ऑफिसातल्या साहेबाने माझ्या चार ओळी काढून टाकल्या, तेव्हाच त्याचा दिवस ठरला होता. फक्त तारीख यायची होती.

किराणा दुकानदारांसाठी आमचं एक ॲप आहे. त्याची माहितीपत्रकं मी लिहिते. पूर्वी ती माणसांसाठी लिहायचे आणि एकही माणूस वाचत नसे. आता एआय एजंटसाठी लिहिते आणि तो अक्षरन् अक्षर वाचतो. दुकानदार फोनवर बोलतो, एजंट ऐकतो आणि कुठलं टूल चालवायचं ते ठरवतो. एका टूलने भाव बदलतो, एकाने ऑर्डर घ्यायची वेळ वाढते, एकाने ऑर्डर घेणं बंद होतं. कुठलं कधी वापरायचं आणि कधी अजिबात हात लावायचा नाही, हे मी लिहून द्यायचं. 'कधी हात लावायचा नाही' हा भाग मी फार चवीने लिहिते.

'वेळ वाढवा' या टूलखाली मी लिहिलं होतं: दुकानदार 'दुकान वाढव' म्हणाला तर हे टूल वापरू नये, दुकान बंद करावं. कारण आपल्यात बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच जुना दुकानदार स्वतःच्या तोंडाने दुकानाला 'बंद' म्हणत नाही, दिवस संपला की दुकान वाढवतो.

साहेब मुलुंडचा, मराठीच, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने सगळ्यांसमोर त्या ओळी मोठ्याने वाचल्या. "अगं, एजंटला मराठी येतं यार. त्याला आजीबाईंच्या गोष्टी कशाला सांगतेस?" सगळे हसले. मग त्याने ओळी पुसल्या आणि जाता जाता म्हणाला, बेंगळुरूच्या वरिष्ठांसमोरचं प्रात्यक्षिक नीट झालं की माहितीपत्रकं एजंटच लिहील, तुझी खुर्ची मोकळी. मी हसून मान हलवली. हसताना माझ्या दाढा दुखत होत्या.

प्रात्यक्षिकाला खराखुरा दुकानदार हवा होता. मी ताबडतोब नाव सुचवलं, आमच्या सोसायटीखालच्या काकांचं. मालवणी माणूस, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेला. गळा दाबला तरी 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. साहेबाला तेव्हा सांगता आलं असतं. आदल्या दिवशीही आलं असतं. मी गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याचा मला अजून पश्चात्ताप नाही.

काका दुपारी शटर ओढून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. शुभ कामाला रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून पिशवीत एक नारळ. भाव बदलणं, ऑर्डर घेणं, सगळं झकास झालं. शेवटी साहेब म्हणाला, काका, आता मशीनला सांगा, दुकान बंद करायचंय. काकांनी फोन तोंडाजवळ धरला. "आता दुकान वाढव रे बाबा."

एजंट नम्रपणे म्हणाला, वेळ रात्री बारापर्यंत वाढवली आहे. काकांनी आवाज चढवला आणि पुन्हा तेच सांगितलं. एजंटने दुकान चोवीस तास उघडं ठेवलं. साहेबाच्या कपाळावर घाम आला. तो खालच्या आवाजात काकांना 'बंद म्हणा, बंद म्हणा' करू लागला.

"माझ्या दुकानाक मी बंद म्हणू?" काका म्हणाले.

खोली हसली. बेंगळुरूहून आलेल्या वरिष्ठ बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे माहितीपत्रकात का नाही? मी जुनी प्रत पडद्यावर आणली. माझ्या चार ओळी, त्या पुसल्याची वेळ आणि पुसणाऱ्याचं नाव, सगळं शेजारी शेजारी. साहेबाचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. असा वचपा काढायला मिळणं भाग्याचं असतं. माझी खुर्ची राहिली आणि माहितीपत्रकं त्याच्या हातून गेली.

परतताना रिक्षात काकांचा फोन सारखा वाजत होता. बंद दुकानाला ऑर्डरी येत होत्या. मी फोन घेऊन त्या थांबवल्या. नारळ काकांच्या मांडीवर तसाच होता, तो घ्यायचं ऑफिसात कोणाला सुचलंच नव्हतं, मलाही नाही. कांदिवली आल्यावर काका बाहेर बघतच म्हणाले, "मशीनाक ठावक नव्हता. तुका ठावक होता मा?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला हवं होतं, पण जमलं नाही.

"ते सगळे माका हसले गो," ते म्हणाले.

मला वाटत होतं खोली साहेबाला हसली. साहेबाने सगळ्यांना माझ्यावर हसवलं होतं, अगदी तसंच हसू व्हायला मी या माणसाला इस्त्रीच्या शर्टात नेऊन उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या चार ओळी परत घातल्या, पुन्हा पुन्हा तपासल्या आणि संध्याकाळी दुकानावर गेले. म्हटलं, काका, आता मशीनला कळतं. तुम्ही वाढव म्हणा, ते बरोबर बंद करेल. बोलून तर बघा.

काकांनी गल्ल्याला हात लावून नमस्कार केला, अर्धं शटर ओढलं, फोन उचलला आणि माझ्याकडे बघत सावकाश म्हणाले, "दुकान बंद कर."

एजंटने लगेच केलं.